सभाधीटपणा

वक्तृत्वस्पर्धेची सूचना फळ्यावर लागली कीं शाळेंत दोन प्रकारचीं मुलें दिसूं लागतात. कांहीं धांवत येऊन नांव देतात. आणि कांहीं, ज्यांस त्या विषयाची माहिती नांव देणारांपेक्षां पुष्कळदां अधिक असते, तीं खालीं मान घालून बसून राहतात. कारण विचारलें तर उत्तर बहुधा एकच मिळतें : 'उभें राहिलें कीं सगळें विसरायला होतें.' हें उत्तर आळसाचें नव्हे, आणि खोटेंही नव्हे. चार लोकांपुढें उभें राहतांच पाय लटपटणें, घशास कोरड पडणें, पाठ केलेलें पार पुसून जाणें, ह्या अवस्थेस आपल्या भाषेंत सभाकंप असें नांव आहे. आणि जो तिजवर ताबा मिळवितो त्यास आपण सभाधीट म्हणतों. हा सभाधीटपणा कांहींच्या अंगीं जन्मतः असतो व इतरांस तो कधींच साधत नाहीं, असा एक समज विद्यार्थ्यांत आणि पालकांतही रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हें ह्या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वक्तृत्व हा केवळ ढाल व प्रशस्तिपत्र मिळविण्याचा विषय असता, तर त्याविषयीं एवढा विचार करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु बोलण्याचा प्रसंग स्पर्धेपुरता नसतो. तोंडी परीक्षा असते. नोकरीची मुलाखत असते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा असते. गांवीं ग्रामसभा असते. दवाखान्यांत आपलें दुखणें डॉक्टरांस नीट सांगावयाचें असतें. आणि एखादे वेळीं आपल्यावर किंवा दुसऱ्यावर झालेला अन्याय चारचौघांत उभें राहून सांगण्याची पाळी येते. अशा वेळीं ज्याच्या तोंडून शब्द निघत नाहीं त्याची बाजू खरी असूनही पडते, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाची खोटी बाजू उभी राहते. सभाकंप जिंकण्याची गरज आहे ती ह्यासाठीं.

प्रथम शरीरांत काय घडतें तें पाहूं. वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें इ. स. १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत भय, क्रोध, भूक व वेदना ह्यांच्या वेळीं शरीरांत होणाऱ्या फेरफारांचें वर्णन केलें आहे. संकट समोर दिसलें कीं प्राण्यास दोनच मार्ग असतात : लढणें किंवा पळणें. दोहोंसाठीं शरीराची तयारी एकच लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन लहान ग्रंथि आहेत, त्यांतून ॲड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळतें. त्यामुळें हृदय जलद चालतें, श्वास वाढतो, आणि रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतें. पचनाचें काम तेवढ्यापुरतें थांबतें, म्हणून पोटांत गोळा आल्यासारखें वाटतें. लाळ सुटेनाशी होते, म्हणून जीभ टाळूस चिकटते. ताणलेल्या स्नायूंस धांवावयास मिळत नाहीं, म्हणून हात कांपतात. वाघ पाहून ज्या गोष्टी शरीर करतें त्याच तें श्रोते पाहून करीत असतें. तें आपलें वैर करीत नाहीं. आपणांस साह्य करावयास धांवतें, इतकेंच कीं प्रसंग ओळखण्यांत त्याची चूक होते.

मग पाठ केलेलें विसरतें कां? मनाची एका वेळीं धरून ठेवण्याची जागा फार मोठी नाहीं. बोलणारा मुलगा जर त्या जागेंत 'माझा आवाज कांपतो आहे', 'ते माझ्याकडे पाहत आहेत', 'आतां हंसतील' हे विचार भरूं लागला, तर पुढील वाक्यास तेथें ठाव उरत नाहीं. भाषण नाहींसें होत नाहीं. त्याची वाट अडते. खालीं येऊन बसतांच तें सगळें पुन्हां आठवतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. बुद्धि कमी म्हणून विसर पडला, असें मानणें अन्यायाचें आहे. लक्ष विषयावरून निघून स्वतःवर गेलें, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांस बोलतां येत नाहीं असें वाटत होतें त्यांच्याकडूनच जगांत मोठीं कामें झालीं, ह्याचे दाखले थोडे नाहींत. पवित्र शास्त्रांतील मोशेची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं उपासनेच्या वेळीं ऐकिली असेल. लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं राजापुढें जाऊन बोल, अशी आज्ञा झाली तेव्हां त्यानें आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली. ह्या गोष्टींतील लक्षांत ठेवण्याजोगा भाग पुढेंच आहे. जीभ जड आहे म्हणून त्याचें काम काढून घेतलें गेलें नाहीं, व जीभ सुधारेपर्यंत तें लांबविलेंही नाहीं. त्याचा भाऊ अहरोन त्याच्या सोबतीस दिला गेला. भित्र्या माणसास प्रथम सोबत लागते, उपदेश मागून चालतो, हें तत्त्व आम्हां शिक्षकांस व पालकांस त्यांतून घेण्यासारखें आहे.

अर्वाचीन काळांतील प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींचें. त्यांनीं आपल्या आत्मकथेंत आपल्या लाजाळूपणाविषयीं कांहींही आडपडदा ठेविलेला नाहीं. लंडनमध्यें शिकत असतां ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर होते. परंतु समितींत त्यांच्यानें बोलवत नसे. एका महत्त्वाच्या प्रश्नावर आपलें मत त्यांनीं कागदावर लिहून आणिलें, आणि तेंही दुसऱ्यास वाचून दाखवावें लागलें. व्हेंटनर ह्या गांवीं लिहिलेलें भाषण हातांत असूनही त्यांस तें वाचतां येईना. डोळ्यांपुढें अंधारी आली, व सोबत्यानें तें वाचलें. बॅरिस्टर होऊन मुंबईस आल्यावर स्मॉल कॉज कोर्टांतील पहिल्याच खटल्यांत उलटतपासणीस ते उभे राहिले, पण एकही प्रश्न सुचला नाहीं. तेव्हां त्यांनीं खालीं बसून तो खटला दुसऱ्या वकिलाकडे सोंपविला. इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांची दुःखें सांगण्यासाठीं मुंबईस सर फिरोजशहा मेहता ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सभा भरली, तेव्हांही त्यांचा आवाज सभेस पोंचेना. अखेर दिनशा वाच्छा ह्यांनीं त्यांचें भाषण वाचून दाखविलें. त्याच सालीं ते आपल्या पुण्यासही आले, लोकमान्य टिळकांस व नामदार गोखल्यांस भेटले, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं येथील सभेचें अध्यक्षस्थान स्वीकारलें. पुढें ता. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर हाच पुरुष प्रचंड समुदायापुढें दोन तासांहून अधिक वेळ बोलला.

ह्या दोन टोंकांच्या मध्यें काय घडलें? इ. स. १८९३ सालीं प्रिटोरिया येथें गांधींनीं तेथील हिंदी लोकांची सभा बोलाविली आणि व्यापारांतील सचोटी ह्या विषयावर ते बोलले. आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण तें हेंच, असें ते म्हणतात. त्या सभेंत आपण कसे दिसतों हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता. समोर बसलेल्या माणसांची मानहानि होत आहे, आणि त्यांस कांहीं तरी सांगितलें पाहिजे, एवढेंच होतें. लक्ष स्वतःवरून उठून कामावर बसलें आणि जीभ सुटली. तथापि एका भाषणानें सगळें झालें असेंही नाहीं. मुंबईची १८९६ ची सभा ही त्यानंतर तीन वर्षांची आहे. सभाकंप एकदां जाऊन पुन्हां येतो, ह्यानें कोणीं निराश होऊं नये.

दुसरें उदाहरण आमच्या अगदीं दाराशीं आहे. कोथरूडांतून डेक्कनकडे जाणाऱ्या रस्त्यास ज्यांचें नांव आहे, आणि ज्यांच्या पुतळ्यावरून आपल्या चौकास 'कर्वे पुतळा' हेंच नांव पडलें आहे, त्या महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म ता. १८ एप्रिल १८५८ रोजीं झाला. मुंबईस रॉबर्ट मनी स्कूल ह्या मिशनच्या शाळेंत ते शिकले, व १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. ते स्वभावानें अत्यंत भिडस्त व संकोची होते, आणि आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं तें मोकळेपणानें लिहिलें आहे. फर्डे वक्ते म्हणून त्यांची ख्याति कधींच नव्हती. तरीही विधवांच्या आश्रमासाठीं दारोदार जाऊन पैसा मागण्याचें काम, जें धीट माणसासही अवघड वाटावें, तें त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. इ. स. १९१५ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष झाले, आणि त्या व्यासपीठावरून त्यांनीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढल्याच वर्षीं तें विद्यापीठ हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरांत, सुरूही झालें. इ. स. १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते परदेशीं निघाले व युरोप, अमेरिका आणि जपान येथें आपल्या कार्याची माहिती सांगत फिरले.

कर्व्यांच्या लहानपणांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. मुरूड ह्या कोंकणांतील गांवीं असतां, त्यांचे शिक्षक सोमण गुरुजी ह्यांच्या प्रेरणेनें ते गांवच्या लोकांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत. भिडस्त मुलासाठीं ह्याहून उत्तम पहिली पायरी आम्हांस सुचत नाहीं. वाक्यें दुसऱ्याचीं, कागद हातांत, श्रोते ओळखीचे, आणि त्यांस बातमी हवी असल्यामुळें त्यांचें लक्ष वाचणारापेक्षां बातमीकडे. आपल्या शाळेच्या परिपाठांत रोज बातम्या व सुविचार वाचण्याची जी पाळी येते, ती पुष्कळ मुलें चुकवूं पाहतात. खरें पाहतां ती शिडीची पहिली पायरी आहे.

तिसरें उदाहरण ह्या दोहोंहून निराळें आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म कर्व्यांच्या जन्मानंतर अवघ्या पांच दिवसांनीं, ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. कर्व्यांच्या द्वितीय पत्नी गोदूबाई ह्या रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. रमाबाईंचे मातापिता पुराणें सांगत देशभर फिरत, आणि लहानग्या रमेसही तोच अभ्यास घडला. म्हणून १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांपुढें संस्कृतांत बोलतांना त्या अडखळल्या नाहींत. लोकांनीं त्यास दैवी देणगी म्हटलें असेल. पण त्या देणगीमागें रस्त्यांवर व देवळांत घालविलेलीं कित्येक वर्षें होतीं. जन्मजात धिटाई म्हणून आपण जिचें कौतुक करतों, ती पुष्कळ वेळां आपल्या नजरेआड झालेली संवयच असते.

रमाबाईंविषयीं आणखी एक आठवण त्यांच्या चरित्रांत सांगतात. इ. स. १८८९ सालीं मुंबईस काँग्रेस भरली, तेव्हां आलेल्या थोड्या स्त्री-प्रतिनिधींत त्या होत्या. सभेंत बोलावयास उभ्या राहिल्यावर त्यांचा आवाज मागें पोंचेना, तेव्हां त्यांनीं सभेस असें सुनावलें कीं, स्त्रियांचा आवाज मोठा होण्याची संधि तुम्ही पुरुषांनीं कधीं दिलीच नाहीं, तेव्हां तो लहान राहिला ह्यांत नवल तें काय! हें उत्तर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मनांतल्या मनांत लिहून ठेवावें अशा योग्यतेचें आहे. त्याकडे आम्ही पुन्हां वळणार आहों.

आतां अलीकडील संशोधकांस काय आढळलें तें थोडक्यांत सांगतों. रॉबर्ट झायन्स ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६५ सालीं असें दाखविलें कीं, पाहणारे लोक जवळ असले म्हणजे जें काम हाडींमासीं खिळलें आहे तें अधिक चांगलें होतें, आणि जें अर्धवट येतें तें अधिक बिघडतें. म्हणजे श्रोते हे शत्रूही नव्हेत व मित्रही नव्हेत; आपल्या तयारीस ते भिंगासारखे मोठें करून दाखवितात. केनेथ सॅवित्स्की व टॉमस गिलोविच ह्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणारांस असें वाटत होतें कीं आपली घाबरगुंडी सर्वांस स्पष्ट दिसत आहे; श्रोत्यांस मात्र ती पुष्कळच कमी दिसली. आणि हें सत्य ज्यांस आधींच समजावून सांगितलें होतें, त्यांचीं भाषणें अधिक चांगलीं झालीं. ॲलिसन वुड ब्रुक्स ह्या विदुषीनें २०१४ सालीं असें दाखविलें कीं, भाषणापूर्वीं 'मी शांत आहें' असें स्वतःस बजावण्यापेक्षां 'मला उत्साह आला आहे' असें म्हटल्यास भाषण अधिक सरस वठतें. ह्याचें कारण वर दिलेल्या शरीरशास्त्रांत आहे. भय आणि उत्साह ह्या दोहोंत छाती सारखीच धडधडते. धांवतें हृदय एकाएकीं थांबविणें अशक्य. त्यास दुसरें नांव देऊन कामास जुंपणें शक्य आहे.

ह्या सगळ्यांतून जे व्यावहारिक नियम निघतात ते असे.

भाषण शब्दशः पाठ करूं नये. पाठ केलेलें भाषण माळेसारखें असतें. एक मणी निसटला कीं सगळी माळ ओघळते. त्याऐवजीं तीन मुद्दे निश्चित करावे. समजा, विषय 'मुठा नदी' आहे. मग लहानशा पुठ्ठ्यावर तीन शब्द लिहावे : धरणें, पूर, घाण. पहिल्यांत पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला हीं नांवें. दुसऱ्यांत पानशेतचें धरण फुटून आलेला पूर. तिसऱ्यांत आज आपण नदींत काय सोडतों तें. प्रत्येक मुद्द्यावर घरीं कोणाशीं तरी साध्या बोलण्यांत पांच वाक्यें बोलावीं. रोज शब्द थोडे बदलतील, बदलूं द्यावे. विषय आपला झाला कीं शब्द चुकण्याचें भय राहत नाहीं. मात्र पहिलें वाक्य व शेवटचें वाक्य हीं दोन पक्कीं असावीं, कारण घोड्यावर बसतांना व उतरतांनाच पडण्याचा संभव अधिक.

पहिल्या वाक्याविषयीं थोडें अधिक. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथें जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' हें एका श्वासांत म्हणून मोकळें होण्याची आपल्याकडे चाल आहे. श्वास तेथेंच संपतो आणि भाषण धापा टाकीत सुरू होतें. सभेस वंदन अवश्य करावें, पण सावकाश. मग एक पूर्ण श्वास घेऊन सरळ विषयास हात घालावा. 'ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें' ह्या एका वाक्यानें जितके कान वर होतील, तितके दहा विशेषणांनीं होणार नाहींत. 'मला नीट बोलतां येत नाहीं, सांभाळून घ्या' अशी प्रस्तावना तर कधींच करूं नये; श्रोत्यांस जें दिसलें नसतें तें त्यानें दिसूं लागतें.

सराव उभें राहून व मोठ्यानें करावा. मनांत म्हटलेलें भाषण हें न शिजविलेल्या अन्नासारखें आहे. प्रथम एकट्यानें, मग आजीपुढें किंवा धाकट्या भावंडापुढें, मग चार मित्रांपुढें, मग वर्गांत, आणि शेवटीं सभागृहांत. एकेक पायरी चढावी, व एक पायरी सोपी वाटूं लागेपर्यंत दुसरीवर जाऊं नये. शक्य असल्यास आदल्या दिवशीं रिकाम्या सभागृहांत जाऊन त्या ठिकाणीं उभें राहून पाहावें. ध्वनिक्षेपक असेल तर आपलाच आवाज कर्ण्यांतून कसा येतो तेंही ऐकून ठेवावें, म्हणजे ऐन वेळीं आपण दचकत नाहीं.

प्रसंग जवळ आला म्हणजे श्वास हेंच साधन. नाकानें सावकाश श्वास घ्यावा, आणि घेण्यास लागला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. असें पांच-सहा वेळां करावें. लांब उच्छ्वासानें हृदयाची गति मंदावते, हा शरीराचा नियम आहे. पोट अगदीं रिकामें नसावें व गच्चही नसावें. पाण्याचा एक घोट घेऊन मग वर जावें. उभें राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकावे. समुदायाकडे एकदम न पाहतां एका आपुलकीच्या चेहऱ्याकडे पाहून एक वाक्य बोलावें, मग दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहून दुसरें. हजार माणसांशीं बोलणें अवघड. एका माणसाशीं बोलणें आपणांस लहानपणापासून येतें.

मध्येंच विसर पडला तर काय करावें? थांबावें. बोलणारास ते दोन क्षण युगासारखे वाटतात. ऐकणारास तो सहज घेतलेला विराम वाटतो. शेवटचें वाक्य पुन्हां एकदां सावकाश म्हणावें, पुठ्ठ्याकडे पाहावें, आणि आठवलें नाहीं तर खुशाल पुढल्या मुद्द्यावर जावें. काय गळलें हें आपणांवांचून कोणास ठाऊक नसतें. रडत खालीं येणें तेवढें टाळावें, कारण अर्ध्यावर पळालेलें मन तें स्थान कायमचें भयाचें म्हणून नोंदवितें. अडखळत कां होईना, शेवटच्या वाक्यापर्यंत पोंचलेलें मन पुढच्या खेपेस कमी घाबरतें.

येथवर बोलणाराचें कर्तव्य झालें. आतां रमाबाईंच्या त्या उत्तराकडे वळूं. सभाकंप हा बोलणाराच्या अंगांत दिसतो, पण त्याचें बीं पुष्कळदां ऐकणारांनीं पेरलेलें असतें. आपल्या कोथरूडांत आज नाना ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें राहतात. कोणी मराठवाड्यांतील, कोणी खानदेशांतील, कोणी मावळांतील. कोणाचे आईबाप मोठ्या कचेरींत, तर कोणाचे दुसऱ्यांच्या घरीं धुणींभांडीं करणारे. एखादा मुलगा वाचतांना 'पाणी' ऐवजीं 'पानी' म्हणतो, आणि मागल्या बाकावरून हंसण्याची लहर येते. ती लहर दोन क्षणांत विरते. पण तो मुलगा पुढें कित्येक वर्षें तोंड उघडीत नाहीं. त्याच्या घरीं सर्वजण 'पानी' असेंच म्हणतात, आणि तें त्याच्या आईचें बोलणें आहे. उच्चार सुधारणें हें शाळेचें काम आहे, व तें एकांतांत, ममतेनें होऊं शकतें. परंतु चारचौघांत आईच्या भाषेस हंसलें गेलें, तर मूल भाषा सुधारीत नाहीं. तें मुकें होतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आमची विनंति बोलणारांपेक्षां ऐकणारांस अधिक आहे. आपला सोबती व्यासपीठावर अडखळला तर खालून शीळ घालूं नका, शेजाऱ्यास कोपरानें ढोसूं नका. त्याच्याकडे पाहा. तुमचा एक शांत चेहरा त्यास त्या वेळीं अहरोनासारखा उपयोगी पडेल. आणि ज्याचें नांव यादींत कधींच येत नाहीं, त्यास मधल्या सुटींत एकदां म्हणा, 'तुझें आधी मला ऐकव.'

पालकांसही दोन शब्द. पाहुणे आले कीं मुलास पुढें ढकलून 'कविता म्हणून दाखव' असा आग्रह करणें, आणि तो गप्प राहिला कीं त्याच्यादेखत 'आमचा हा जरा बुजराच आहे' असें सांगणें, ही गोष्ट घरोघर प्रेमानें केली जाते व घरोघर नुकसान करते. मुलास एकदां लावलेलें नांव तें आपलेंच मानूं लागतें. शेजारच्या मुलाच्या बक्षिसाचा दाखला देऊं नये. त्यापेक्षां रात्रीं जेवतांना मोबाईल बाजूस ठेवून मुलास दिवसांतील एक गोष्ट सांगूं द्यावी, आणि ती संपेपर्यंत मध्यें बोलूं नये. ज्याचें घरीं कोणी पुरतें ऐकलें आहे, त्यास बाहेर बोलण्याचें बळ येतें. आईस किंवा आजीस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम मुलाकडे द्यावें. मुरूडच्या त्या मुलाचें त्यानेंच भलें झालें. मात्र कांहीं मुलांचें भय ह्या पलीकडचें असतें. बोलण्याच्या भीतीनें मूल शाळाच टाळूं लागलें, कित्येक दिवस आधीं झोंप व अन्न सुटलें, किंवा ओळखीच्या माणसांशींही तें बोलेनासें झालें, तर तो हट्ट समजूं नये. त्यावर उपचार आहेत. शाळेच्या समुपदेशकांचा किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांचा सल्ला वेळीं घ्यावा.

पुण्यास वक्तृत्वाची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हें तिचें एक ठळक चिन्ह होय. त्या परंपरेंत फड जिंकणारे वक्ते पुष्कळ झाले. परंतु आपल्या चौकांत ज्यांचा पुतळा उभा आहे ते त्यांपैकीं नव्हते. आवाज बेताचा, स्वभाव संकोची. पण जें सांगावयाचें तें ज्यांच्यासाठीं सांगावयाचें त्यांची कळकळ मोठी होती, आणि ती शब्दांस पुरली. सर्वच विद्यार्थ्यांनीं फर्डे वक्ते व्हावें अशी आमची अपेक्षा नाहीं. ज्याच्याजवळ खरें कांहीं सांगण्यासारखें आहे, तो भयानें खालीं बसूं नये, आणि तो उभा राहिला तर आपण त्यास हंसून बसवूं नये, एवढेंच आम्हांस हवें आहे. शाळा उघडली म्हणजे परिपाठाची यादी पुन्हां फळ्यावर लागेल. ज्यांनीं ती आजवर चुकविली, त्यांनीं ह्या खेपेस एका दिवसाच्या बातम्या वाचण्यापुरतें तरी आपलें नांव त्यांत घालावें.